भिंतीपलीकडचे काका

चर्चमध्ये मुलांचं उन्हाळी शिबिर पहिल्यांदाच भरणार होतं. मदतीला कोण येईल, असं पाळकांच्या बायकोने विचारलं, तर सगळ्यांत आधी पुढे आले शेजारचे निवृत्त पोस्टमन. रविवारी गाणी सुरू झाली की पलीकडून भिंत ठोकणारे हेच ते काका!

"पाणी कुठेतरी मुरतंय," ती नणंदेला म्हणाली. "तक्रारीसाठी पुरावे गोळा करायचे असतील."

"मग नजरेसमोरच ठेव की!"

तिने त्यांना चित्रांच्या टेबलाशी बसवलं आणि दिवसभर पाळत ठेवली. काका निमूट रंग वाटत होते, पण मुलं खिदळली की कान टवकारत होते. शेवटी तिला राहवेना.

"काका, खरं सांगा, इथे कशाला आलात?"

"रविवारी घरात इथलं नुसतं हसणं ऐकू येतं," ते म्हणाले. "मला वाटायचं, मलाच हसतायत. म्हटलं, एकदा बघावं."

"मग?"

"माझ्याकडे कुणाचं लक्षच नाही," काका जरा हिरमुसून म्हणाले.

तिला हसू आलं. "उद्याही या," ती म्हणाली. ते आले, पण तिची नजर दुपारपर्यंत त्यांच्यावरून हटली नाही.