चादरीखालचा पंखा

शुक्रवारी दिवा लावायच्या आधी तामारने नेहमीप्रमाणे कामाच्या वस्तू झाकल्या. शिवणयंत्र झाकलं, विळी झाकली आणि गादीवरचा लॅपटॉपही झाकला. तो चालूच होता, हे बाईंच्या ध्यानात कुठलं यायला! तिचा भाऊ रूबेन घाईघाईत रोह्याहून पेणची गाडी पकडून गेला होता. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि तिथे दहावा मिळत नव्हता. आता तो उद्या रात्रीच परतणार.

दिवा लागला आणि चादरीखालून लॅपटॉपची घरघर ऐकू आली. त्या यंत्रात तिच्या वडिलांची, निसीमआबांची, कीर्तनं होती. तीन महिने आबांनी एकेक ओळ सांगितली, रूबेनने टाइप केली आणि मग अर्धांगाने आबांची वाचाच गेली. दुसरी प्रत नव्हती. रूबेनने बजावलं होतं, "तापला की पंखा जोरात फिरतो. हवा कोंडली तर आतलं सगळं जाईल."

तिने चादर ओढून काढली. पण यंत्राचं बूड गादीत रुतलेलं, आणि शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या दिव्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंतच्या विसाव्यात, यंत्राला हात लावायचा नाही, ही आबांची शिस्त. त्यांनी कधी काडीसुद्धा ओढू दिली नव्हती. घरघर वाढत गेली, मग एकाएकी थांबली. पडदा मात्र उजळलेलाच. पंखाच बंद पडला होता.

शेजारची चंद्रावती अंगणात होती. तिला शब्बाथ पाळायचा नव्हता, पण 'बंद कर' असं तिला काम सांगणंही वर्ज्य होतं. आपण नुसतं कानावर घालायचं आणि तिने ओळखायचं, अशी वर्षानुवर्षांची रीत. चुलीचं, दिव्याचं तिला बरोबर कळायचं.

"चंद्रावती गो, रूबेनचं यंत्र लय तापलंय."

"तापू दे की! थंडी काय कमी हाय?" म्हणत चंद्रावती बादली घेऊन हसत आत गेली.

जळका वास सुटला. तामार रडकुंडीला येऊन आबांच्या खाटेशी गेली. "आबा, करू बंद?"

आबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि मान हलवली. नाही. पुन्हा हलवली, म्हणजे शंकेला जागा नको.

तामारने जन्मात पहिल्यांदा त्यांचं ऐकलं नाही. बटण दाबलं, यंत्र उचलून फरशीवर ठेवलं. आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

शनिवारी तारे दिसल्यावर रूबेन पेणहून निघाला आणि घरी येताच त्याने लॅपटॉप उघडला. "आबा, सगळं शाबूत हाय! एक ओळ गेली नाय!"

आबा वळले नाहीत. तामारने पाण्याचा चमचा त्यांच्या तोंडाशी नेला, तेव्हा त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.