सासूबाईंचा हात पोचला तिथपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना पोलादी खांब आहे. माझ्यावर दिवा नाही, तारा नाहीत, झेंडाही नाही. जमिनीपासून छतापर्यंत सरळसोट उभा, मनगटाएवढा जाड, अंगावर क्रोमचा मुलामा. मी पोल डान्सच्या वर्गातला खांब. हसू नका! मला हसणारे पुष्कळ आले, आणि त्यांतल्या बहुतेकांना माझ्यावर दोन सेकंदसुद्धा लटकता आलं नाही.

कारखान्यात माझ्याबरोबर कापलेली भावंडं कुणी बसमध्ये गेली, कुणी दवाखान्याच्या जिन्याला लागली. मी आलो तो एका लाँड्रीवरच्या मोठ्या खोलीत. एका भिंतीला आरसा, दुसरीला खिडक्या. माझ्या पायाशी छर्रे बसवलेले होते, त्यामुळे नुसता हात लागला तरी मी गरगर फिरायचो. काय रुबाब होता तेव्हा! माझ्यासाठी मुली रांग लावायच्या. पण खालच्या लाँड्रीतली वाफ वर्षानुवर्षं वर येत राहिली, छर्रे गंजले आणि एक दिवस मी जाम झालो. मग बाईंनी, म्हणजे आमच्या शिक्षिकेनं, तीन नवे खांब आणले आणि मला कोपऱ्यात उभं केलं. मला दोरी बांधून तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालू लागले. फार वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

अशाच दिवसांत टपालताई आली. घरोघर टपाल वाटण्याचं तिचं काम, म्हणून वर्गात सगळ्या तिला टपालताईच म्हणत. उंच, काटक बाई. बावीस वर्षं डाव्या खांद्यावर पिशवी आणि उजव्या हातानं पत्रं, असं तिचं चाललेलं. एकदा कुणाच्या तरी ओल्या पायऱ्यांवरून ती घसरली आणि डावा हात मोडला. प्लास्टर निघालं, पण हातात पार जीव उरला नव्हता. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आता जोर तुम्हीच आणा. कचेरीतल्या साहेबांनी तीन महिन्यांची मुदत दिली. भरलेली पिशवी डाव्या खांद्यावर घेऊन तीन मजले चढून दाखवायचे. नाही जमलं तर कायमचं खिडकीमागे बसून शिक्के मारायचे.

"खिडकीमागे बसले तर गंजेन हो मी," ती बाईंना म्हणाली.

गंज म्हटल्यावर मी कान टवकारले. त्यातलं मला जरा जास्तच कळतं.

बाईंनी तिला नव्या खांबांकडे नेलंच नाही. त्या सरळ माझ्याकडे आल्या आणि टॉवेल, दोरी सगळं काढून टाकलं. म्हणाल्या, "ते तिघं आपणहून फिरतात. माणूस नुसता चिकटला तरी फिरवून आणतात. हा जाम आहे. ह्याच्यावर तुझं तुलाच फिरावं लागेल. त्यानंच ताकद येईल." माझं जाम होणंसुद्धा कुणाच्या कामी येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पहिले काही दिवस तिचे पाय जमिनीवरच होते. मला धरून मागे झुकायचं आणि हातांनी अंग पुढे ओढायचं, एवढंच. मग लटकणं सुरू झालं. "खांदा कानाला लावू नकोस, खाली ओढ!" बाई ओरडायच्या. डावा हात एकापर्यंत टिकायचा आणि दोनला सुटायचा. चौथ्या आठवड्यात तो पाचपर्यंत गेला. मग गिरकी आली. एक हात वर, एक हात खाली, बाहेरचा पाय लांब फेकायचा आणि माझ्याभोवती वळसा घेत अलगद उतरायचं. घाई केली की आपटायचं.

आता तिची एक लबाडी सांगतो. आमच्या वर्गाचा नियम असा, की प्रत्येक गिरकी दोन्ही बाजूंनी करायची. एकदा उजवा हात वर, एकदा डावा. पण चांगल्या हाताचा मोह सुटत नाही. माझा मुलामा उगाच नाही एका बाजूनं झिजलेला. बाईंची पाठ वळली की ही उजव्या हातानं दहा घ्यायची आणि डाव्यानं एक.

"डावीकडच्या झाल्या?" बाईंनी विचारलं.

"झाल्या की!"

"खांबाला विचारू?"

टपालताईचा चेहरा खर्रकन उतरला. मग डोळे भरून आले. "भीती वाटते हो बाई. पुन्हा मोडला तर?"

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्या पायाशी जाड गादी सरकवली आणि शेजारी उभ्या राहिल्या. "भीती वाटली तरी वाटू दे. दहा मात्र पुऱ्या कर." त्या दिवशी डाव्या हातानं दहा झाल्या. बारापैकी दोनदा ती आपटली, तरी दहा झाल्या.

घरी सासूबाईंना हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. हे मला टपालताईच्याच बोलण्यातून कळायचं. "या वयात अर्ध्या चड्डीत खांबाला लोंबकळायचं? लोक काय म्हणतील!" कापड घसरतं, कातडीच खांबाला धरते, हे सुनेनं दहादा सांगितलं. पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एके सकाळी सुनेनं डाव्या हातानं पाण्याची भरलेली बादली उचलली. त्या दिवसापासून सासूबाई चड्डीबद्दल बोलल्या नाहीत.

साहेबांच्या पिशवीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी तर त्या स्वतःच वर्गात आल्या. अंगानं एवढ्याशा, बुटक्या, पण नजर घारीची. सगळ्या कपडे बदलायला आत गेल्यावर त्या माझ्यापाशी आल्या. "ह्यानंच माझ्या सुनेचा हात बरा केला," असं पुटपुटल्या. मग माझ्या अंगावरचे बोटांचे ठसे त्यांना दिसले. "अगबाई! कुणी पुसत नाही का रे तुला?" त्यांनी पिशवीतून गुडघ्यांना लावायचं तेल काढलं, रुमालावर ओतलं आणि मला चोळचोळ चोळलं. टाचा उंचावून, हात पोचला तिथपर्यंत. अहो, इतक्या मायेनं मला कुणीच कधी पुसलं नव्हतं! आणि मला ओरडून सांगता येत नव्हतं, की सासूबाई, घात करताय.

टपालताई आली. बाईंनी गादी सरकवली. सासूबाई खुर्चीत सावरून बसल्या. डावा हात वर, उजवा खाली, पाय फेकला, आणि उजवा हात सर्रकन निसटला! पाय माझ्यावरून घसरले. सासूबाई किंचाळल्या. सगळं अंग आता त्या एका मोडक्या हातावर आलं. पण तो हात होता वर, जिथं सासूबाई पोचल्याच नव्हत्या. तिथं मी कोरडा होतो. त्या हातानं मला असं धरलं, की आजवर कुणी धरलं नसेल. एक अख्खा वळसा झाला आणि ती गादीवर दोन्ही पायांवर उतरली.

आधी ती आपल्या डाव्या हाताकडे बघतच राहिली. मग माझ्यावर बोट फिरवून तिनं वास घेतला. "आई, गुडघ्यांचं तेल?"

"चमकावं म्हणून गं..." सासूबाई रडायलाच लागल्या. सूनही रडली आणि मग दोघी इतक्या हसल्या, की खालचा लाँड्रीवाला वर बघायला आला. बाईंनी मात्र माझं अंग स्पिरिटनं तीनदा पुसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. शेवटी जिन्यात पावलं वाजली. दार उघडलं. खाकी कपडे, आणि डाव्या खांद्यावर फुगलेली पिशवी. उजव्या हातानं एक पाकीट पुढे करत ती म्हणाली, "बाई, तुमचं टपाल."

मित्रांनो, तुम्हाला एवढंच सांगतो. कुणाची काळजी घ्यायची तर त्याला काय लागतं ते आधी विचारा. मला चकाकी नको, मी कोरडाच बरा. आणि तुमच्या दुबळ्या हाताला घरी बसवू नका, त्यालाही त्याच्या दहा पुऱ्या करू द्या.

सासूबाई आता दर आठवड्याला येतात, कोरडं फडकं घेऊन. त्यांचा हात पोचतो तिथपर्यंत त्या मला पुसतात. वरचं त्यांची सून पुसते, डाव्या हातानं.