उषाबाईंचा कापडी हात

मी एक जुना कापडी हात आहे. माझ्या अंगात वाळू आणि कापूस आहे, कोपरात दाराची बिजागरी. सुरतेजवळच्या उधन्याहून आणलेल्या साडीच्या उरलेल्या तुकड्यातून उषाबाईंनी मला शिवले, म्हणून माझ्या मनगटावर फिकी निळी फुले आहेत. मित्रांनो, बाई सुरतेच्या एका फिजिओथेरपी कॉलेजात शिकवत. विद्यार्थ्यांनी रुग्णाआधी मला हाताळायचे, असा त्यांचा नियम होता.

१९९६ साली बाई अंथरुणाला खिळल्या. मग त्या घरून फोनवर शिकवू लागल्या. वर्गात फोनचा स्पीकर लावत, मला खुर्चीला बांधत, आणि पलीकडे बाई रुग्ण होत. कधी हजीऱ्याच्या कारखान्यातला वेल्डर, कधी खांदा आखडलेला, यंत्रमागावरचा म्हणजे लूमवरचा कामगार चिंधा. त्यांना वर्ग दिसत नसे. म्हणून विद्यार्थ्याने आधी विचारायचे, मग आपण काय करतो ते बोलायचे आणि बाईंनी तसे कण्हायचे. ऐकता ऐकता मला वाटे, हा आवाज माझ्यातूनच येतो आहे. वाळूलाही दुखते आहे.

रुपाली नावाची एक विद्यार्थिनी मात्र न विचारताच मला उचलायची. बिजागरी कुरकुरली की बाईंना फोनवर कळे.

“ओ बेन, हाऊ हात शे, लूमनं हँडल नही!” चिंधा ओरडे. वर्ग हसे. एका दुपारी बाई आपल्या आवाजात म्हणाल्या, “रुपाली, अशानं तुला वॉर्डात पाठवणार नाही.”

“मॅडम, उद्या वॉर्डाची यादी लागणार...”

“लागू दे. तुझं नाव नसेल. चल, पुन्हा कर.”

रुपाली पुन्हा माझ्या खुर्चीजवळ आली. “चिंधाभाऊ, हात उचलू का?”

उत्तर आले नाही. फोनमधून फक्त बाईंच्या घरचा पंखा ऐकू येत होता.

“उचल ना, लाइन कट झाली असेल,” कोणी कुजबुजले.

तिने उचलला नाही. तिची बोटे माझ्याजवळ हवेत थांबली. ती दुपार संथ पाण्यासारखी झाली आणि मी तिच्यावर तरंगत राहिलो.

“उचल, बेटा,” बाईंचा बारीक आवाज आला. “सावकाश.”

यादीत रुपालीचे नाव लागले. महिन्याभरात बाई गेल्या. त्यांची मुलगी तेजस्विनी मला घरी न्यायला आली, तेव्हा रुपाली म्हणाली, “ताई, त्या दिवशी मॅडमनी गप्प राहून माझी परीक्षाच घेतली.”

“परीक्षा नव्हती गं,” तेजस्विनी म्हणाली. “आईला दम लागला होता.”

आता माझी शिवण उसवते आहे, वाळू थोडी थोडी सांडते. त्याचे मला काही वाटत नाही. पण मित्रांनो, दुखऱ्या माणसाला हात लावण्याआधी विचारा, आणि उत्तराला उशीर झाला तर थांबा. पलीकडे कोणी त्या एका शब्दापुरता श्वास गोळा करत असेल.