अशिलाला मान्य आहे

"वकिलाला काम देण्याआधी एकदा 'नको' म्हणून बघ. ऐकतो का ते कळेल," मोठ्या जाऊबाई म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. पदवीधर बाई मी. आपण सांगू तेच वकील करणार, अशी माझी समजूत!

मागणं एवढंसंच. जिन्याचा कठडा हलत होता आणि आमची छकुली नुकती रांगायला लागली होती. खाली राहणाऱ्या घरमालकीण काकू म्हणायच्या, "उद्या बोलावते सुताराला." तो उद्या काही उजाडेना. बाकी माणूस लाखातलं. छकुली झोपायची ती त्यांच्याच मांडीवर. म्हणून काम सोपवतानाच वकिलांना बजावलं, "काकू दुखावता कामा नयेत. मऊ शब्दांत पत्र धाडा." त्यांनी थेट दावा ठोकला. वर ताकीद, "विरुद्ध पक्षाशी बोलायचं नाही."

"विरुद्ध पक्ष कोण?"

"तुमच्या काकू!"

मागे घ्या म्हटलं तर म्हणतात, "ताई, तुम्ही बाळ सांभाळा, कायदा मी सांभाळतो."

नवऱ्याने कठडा दोरीने आवळला. काकूंचं दार बंद ते बंदच. येता-जाता मी कान द्यायची. आतून नुसता खोकला. जीव टांगणीला. काकू कायमच्या तुटल्या तर?

तारखेला न्यायाधीशबाईंनी विचारलं, "कठडा दुरुस्त करून मिटवता का?" काकूंनी मान डोलावली.

"माझ्या अशिलाला तडजोड मान्य नाही!" वकील गरजले.

छकुलीला कडेवर घेऊन मी उठले. "अशील मीच आहे. मला मान्य आहे."

"ताई, खाली बसा."

"बसते. आधी दावा मागे घ्या."

तेवढ्यात छकुलीने काकूंकडे झेप घेतली. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "वकीलसाहेब, मग तुम्ही नक्की कोणाच्या वतीने उभे आहात?" सगळं दालन हसलं. दावा तिथेच मिटला.

बाहेर येताच काकू कडाडल्या, "तापाने फणफणले होते मी! पाणी विचारायलासुद्धा फिरकली नाहीस?"

"वकिलांनी बोलू नका म्हणून सांगितलं होतं, काकू."

"माझ्या वकिलानेही मला तेच सांगितलं! म्हणून तर जिन्यावर तुझी चाहूल लागली की मुद्दाम जोरात खोकायचे, बावळट!"

संध्याकाळी सुतार आला. कठडा आता हत्तीनेही हलायचा नाही. पण काकूंचा तो तापातला खोकला अजून माझ्या कानात आहे. तुमचंही कोणाशी काही भांडण वकिलाकडे गेलं असेल, तर आज त्या माणसाचं दार वाजवून या. बरं आहे ना, एवढंच विचारा.