शेकायची चिठ्ठी

वत्सलाबाईंची म्हैस व्याली आणि आठवड्याभरात तिची कास दगडासारखी घट्ट झाली. सडातून दुधाऐवजी पिवळ्या गाठी येऊ लागल्या. नवरा गेल्यावर माहेराहून पारडी म्हणून आणलेली ही म्हैस त्यांनी हातानं चारून मोठी केली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं.

त्या साली त्यांच्या गावात, रनाळ्यात, पेनिसिलीन या नव्या औषधाची चाचणी चालू होती. गुरांचे डॉक्टर चुनीलाल पाटील प्रत्येक आजारी म्हशीसाठी चिठ्ठी काढत. काहींच्या सडात औषधाची नळी रिकामी करत. बाकीच्यांना जुनाच इलाज, कास पिळून काढायची आणि गरम पाण्यानं शेकायची. दोन्हींची तुलना केल्याशिवाय औषधाचा गुण कळणार नाही, असं ते समजावत.

वत्सलाबाईंची चिठ्ठी शेकायची निघाली. त्यांची जाऊ मंगलाबाई शेजारीच राहायची. तिच्या म्हशीलाही तोच आजार होता, पण तिला औषध मिळालं. काही दिवसांत ती म्हैस वैरण खाऊ लागली. भिंतीच्या अलीकडे वत्सलाबाई शेकत होत्या आणि म्हैस कण्हत होती.

डॉक्टर पाहायला आले तेव्हा त्या म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, मन्ही म्हैसले बी ती नळी द्या ना."

"ताई, मग तुलना कशाशी करू? थोडं थांबा."

"मी थांबसू. ती थांबी का?"

डॉक्टर गेले, पण दुसऱ्या दिवशी न बोलावता परत आले. कासेला हात लावला तर ती गार लागली. कातडी निळी पडली होती. त्यांनी चाचणीचा नियम बाजूला ठेवून नळी फोडली. औषध आत राहीना, तांबूस पाण्याबरोबर बाहेर आलं. दिवस मावळायच्या आत म्हैस मेली.

मंगलाबाई तांब्याभर दूध घेऊन आली. वत्सलाबाईंनी तांब्या तसाच परत केला. पुढे दोघींचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

पावसाळ्याआधी चाचणी संपली. औषध गुणकारी ठरलं. आता सगळ्या गुरांना मिळेल, हे सांगायला डॉक्टर स्वतः वत्सलाबाईंच्या ओट्यावर आले. "तुमच्या म्हशीमुळे पुढच्या कितीतरी वाचतील," असंही म्हणाले.

वत्सलाबाई तांदूळ निवडत होत्या.

"हाई आते माले कसाले सांगतस?" त्या म्हणाल्या, आणि सूप घेऊन आत गेल्या.

डॉक्टर बराच वेळ तिथंच बसले. आतून पाणी आलं नाही.