सातव्यांदा परत आलेला अहवाल

शुक्रवार, महिन्याची अकरा तारीख, दुपारचे सव्वातीन. स्थळ, हार्डवेअरच्या दुकानांच्या गल्लीतील एका दुमजली घराचा तळमजला, जेथे लिफ्ट-तपासनिसांचे एका खोलीचे कार्यालय होते. त्या वेळी आणि त्या ठिकाणी तपासनिसांनी पाठवलेला अहवाल सातव्यांदा परत आला.

अहवाल उणापुरा चार ओळींचा होता. पाच मजली इमारतीची लिफ्ट दुरुस्तीनंतर आज सकाळी तपासली; दोर, ब्रेक आणि दारे निर्दोष आढळली; लिफ्ट वापरास योग्य आहे. हा मजकूर ईमेलने इमारतीच्या व्यवस्थापकाला पोहोचला की तो लिफ्टचे कुलूप काढणार होता, आणि कुलूप निघाले की तपासनिसांची थोरली बहीण पाचव्या मजल्यावरच्या आपल्या घरी जाणार होती. तूर्त ती प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून समोर बसली होती. सकाळी दोघा शेजाऱ्यांनी तिला खुर्चीसकट उचलून दवाखान्यासाठी खाली आणले होते. वर चढवण्याचा विषय निघताच दोघांनाही कामे आठवली होती. घरी तिचे यजमान एकटे होते. तीन दिवसांपूर्वी त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते, सहा वाजता त्यात औषधाचे थेंब घालायचे होते, आणि बायकोखेरीज कोणालाही ते डोळ्याला हात लावू देत नसत.

"परत आलं?" ताईने विचारले.

"आलं."

"आमच्याकडे इतक्यांदा परत आलेलं पाकीट आम्ही एकदा तरी नीट निरखून बघायचो, बाळ्या."

अठ्ठावन्न वर्षांच्या तपासनिसांना बाळ्या म्हणणारी जगात ती एकटीच उरली होती. टपाल कार्यालयाच्या वर्गीकरण विभागात तिने एकतीस वर्षे काढली होती, आणि टपाल या विषयावर आपले मत विचारले जावे अशी तिची अपेक्षा असे. ते कोणी विचारत नसे.

"ताई, हे टपाल नाही. हा सर्व्हर आहे."

"मग दुसऱ्या कुठून तरी पाठव. माझ्या फोनवरून पाठव."

"चालणार नाही."

का चालणार नाही, हे सांगणे तपासनिसांच्या जिवावर आले. तीन आठवड्यांपूर्वी एका इमारतीच्या मालकाने त्यांच्या छापील अहवालावरची तारीख बदलून कुरकुरणारी लिफ्ट बिनदिक्कत चालवली होती. ते उघडकीस येताच तपासनिसांनी सर्व इमारतींना कळवले होते, की यापुढे कागदी अहवाल मानू नये. कार्यालयाच्या स्वतःच्या सर्व्हरवरून आलेले पत्र तेवढेच खरे समजावे. एवढ्यावर न थांबता त्यांनी सर्व्हरला आज्ञा दिली होती, की बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राखाली एक वाक्य आपोआप जोडावे: 'प्रेषकाने लिहिल्यानंतर या पत्रात एका अक्षराचाही बदल झालेला नाही.' हे वाक्य त्यांनी चार वेळा घासूनपुसून लिहिले होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

तेव्हापासून पत्रे परत येऊ लागली. सगळी नव्हे, काही ठिकाणी बिनबोभाट पोहोचत, काही ठिकाणी उंबऱ्यावरूनच माघारी फिरत. तपासनिसांनी खापर घेणाऱ्यांवर फोडले. त्यांना खरमरीत तक्रारी लिहिल्या. त्या तक्रारीही परत आल्या.

आज तर त्यांनी काहीच शिल्लक ठेवले नव्हते. सर्व्हर दोनदा बंद करून चालू केला. इंटरनेट कंपनीला फोन लावून वीस मिनिटे बासरी ऐकली आणि 'आमच्याकडून सगळं व्यवस्थित आहे' हे उत्तर पदरात पाडून घेतले. आपला पत्ता कोणाच्या काळ्या यादीत गेला आहे का, तेही पाहिले, गेला नव्हता. स्वतःलाच पत्र पाठवले. ते क्षणात आले.

"बघ, सर्व्हर ठणठणीत आहे," ते म्हणाले.

"स्वतःच्याच घरात पत्र टाकलंस. ते कोण अडवणार?"

तपासनिसांनी दात-ओठ खात व्यवस्थापकाला फोन लावला.

"साहेब, कुलूप काढायला मला एक मिनिट लागतं," व्यवस्थापक म्हणाला. "पण नियम तुमचाच. तुमचं पत्र भिंतीवर चिकटवलंय मी. वाचून दाखवू?"

"नको."

"पाचला मी निघतो. नंतर सोमवारीच."

तपासनिसांनी फोन ठेवला. ताईने घड्याळाकडे पाहिले. चारला दहा कमी होते.

"परत पाठवताना ते काही लिहितात की नाही?" तिने विचारले. "आम्ही शेरा मारल्याशिवाय काही परत पाठवत नव्हतो."

"लिहितात काहीबाही. मोहोर आणि मजकूर जुळत नाही म्हणे."

"मोहोर कसली?"

"पत्र निघताना सर्व्हर सगळा मजकूर मोजतो आणि त्यावरून एक खूण तयार करून पत्राला लावतो. घेणारा पुन्हा मोजतो. माझी मोहोर अस्सल आहे, ताई. मी ती तीनदा तपासली."

"मोहोर राहू दे. पत्र तुझ्या हातातून सुटल्यावर काय काय होतं, ते ओळीने सांग. गाळू नकोस काही."

तपासनीस सुस्कारा टाकून सेटिंग पाहू लागले. "आधी पत्ता तपासला जातो. मग मोहोर लागते. मग खाली माझं वाक्य जोडलं जातं. मग पत्र निघतं."

"मोहोर लागल्यावर वाक्य?"

"हो."

"आमच्याकडे थैलीत काय आहे त्याची यादी व्हायची, मग लाखेची सील. सील झाल्यावर कोणी आत एक पोस्टकार्ड जरी सरकवलं, तरी पुढचं ऑफिस अख्खी थैली परत करायचं. सगळी ऑफिसं नाही. जिथे मोजायचे, तिथलीच."

तपासनिसांनी तोंड उघडले, मिटले आणि पुन्हा उघडले. "म्हणजे पत्रात बदल झाला नाही, असं सांगणाऱ्या वाक्यानेच..."

"बदल केला. काढ ते."

"काढायची गरज नाही. क्रम उलटा केला, आधी वाक्य आणि मग मोहोर, तर दोन्ही राहतील. तत्त्वतः वाक्य निर्दोष आहे."

"किती वेळ लागेल क्रमाला?"

"नीट करायचं तर दोन तास."

"आणि काढायला?"

तपासनीस वाक्याच्या आवश्यकतेबद्दल बोलू लागले. तारीख बदलणारा मालक, सार्वजनिक सुरक्षितता, भाषेच्या नेमकेपणाची जबाबदारी, असे मुद्द्यामागून मुद्दे आले. ताईने मध्ये एकदाही तोंड घातले नाही. साडेचारला तिने पर्समधून थेंबांची बाटली काढली, त्यांच्या कीबोर्डशेजारी उभी ठेवली आणि पुन्हा हाताची घडी घातली.

तपासनीस बोलता बोलता थांबले. त्यांनी चष्मा पुसला, ती ओळ शोधली, एकदा मनातल्या मनात वाचली आणि पुसून टाकली. मग सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि अहवाल आठव्यांदा पाठवला.

पाच मिनिटे गेली. सात गेली. काहीही परत आले नाही. पावणेपाचला फोन वाजला. तपासनिसांनी तो स्पीकरवर घेतला.

"साहेब, आलं बरं का पत्र. कुलूप काढलं," व्यवस्थापक म्हणाला. "पण खाली ते बदल झाला नाही वगैरे काही दिसत नाही. तुम्ही तर प्रत्येक पत्राखाली असणार म्हणून कळवलं होतंत. चालेल ना?"

तपासनिसांनी बहिणीकडे पाहिले. ती बाटली पर्समध्ये टाकून कुबडी शोधत होती.

"चालेल म्हणावं," ताई म्हणाली. "सर्व्हर बरोबर होता, घेणारेही बरोबर होते. चूक तुझी होती."