तिसरा अर्ज

डॉ. नूतन भोईर बदलापूरला किडनीच्या आजारावर काम करायची. बारवी धरणाजवळच्या पाड्यांवर मधुमेह नसलेल्या तरुणांच्याही किडन्या का निकामी होतात, हे तिला शोधायचं होतं. पण अनुदानासाठी केलेला अर्ज दोनदा नामंजूर झाला. दोन्ही वेळा शेरा एकच होता: लोक दोन वर्षं तपासणीला येत राहतील याची खात्री काय?

खात्री तिलाही नव्हती. लघवीचा नमुना मागितला की बायका लाजून घरात जायच्या.

एका पाड्यावरच्या भिकीताईंचा नवरा सखा याच आजाराने गेला होता. नूतनची अडचण कळताच त्या उठल्या, स्वतःची बाटली भरून आणली आणि सगळ्यांदेखत तिच्या हातात दिली.

"लाजून काय मिलतं गो? माझा घरधनी लाजंतच गेला," त्या बायकांना म्हणाल्या.

मग मजुरीवरून आल्यावर त्या रोज घरोघर फिरल्या. एकशे बारा जणांनी दोन वर्षं तपासणीला यायच्या संमतीपत्रावर सही केली किंवा अंगठा दिला. ती पत्रं नूतनने तिसऱ्या अर्जाला जोडली.

अनुदान मंजूर झालं, त्याच दिवशी ती पाड्यावर गेली.

"ताई, तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले? आमचा मानूस गेला तवा का गेला, ह्ये कोनी इचारलाच नाय. तू इचारत आलीस."

नूतनने भिकीताईंचे रापलेले हात घट्ट धरून ठेवले.